फ्रँकलिनचे शुद्धिपत्र

छापखान्यात उमेदवारी केलेल्या माणसाला एक खोड लागते. पुस्तक हातात आले की तो आधी शुद्धिपत्र शोधतो. बारावीनंतर मी सांगलीतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले तेव्हा खिळ्यांचे दिवस सरत आले होते, पण सरले नव्हते. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने प्रुफावर खुणा करायच्या, अशी पद्धत होती. त्याच काळात रद्दीच्या दुकानात बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्राची एक इंग्रजी प्रत मिळाली. मुखपृष्ठ नव्हते. वाचता वाचता एका शब्दाशी थांबले. तरुणपणी आपल्या हातून घडलेल्या गैरवर्तनाला फ्रँकलिन पाप म्हणत नाही, अपराधही म्हणत नाही. तो ‘इराटा’ म्हणतो. म्हणजे आमच्या भाषेत शुद्धिपत्रातल्या नोंदी. आपल्याच धंद्यातला माणूस भेटल्याचा आनंद मला त्या दिवशी झाला, हे कबूल करते. या लेखात त्या शुद्धिपत्राची तपासणी करायची आहे. त्यात काय आहे, आणि काय नाही.

आधी पुस्तकाविषयी थोडे. फ्रँकलिनने ते एका बैठकीत लिहिलेले नाही. पहिला भाग १७७१ मध्ये इंग्लंडमधील ट्वायफर्ड येथे, बिशप शिप्ली या मित्राच्या घरी मुक्कामाला असताना लिहिला. तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता. दुसरा भाग १७८४ मध्ये पॅरिसजवळच्या पासी येथे आणि तिसरा १७८८ मध्ये फिलाडेल्फियात लिहिला. मृत्यूपूर्वी आणखी काही पाने लिहून झाली, आणि कथा १७५७ नंतर लंडनमध्ये अर्धवट थांबली. पुस्तकरूपाने आधी आले ते १७९१ चे फ्रेंच भाषांतर. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली इंग्रजी आवृत्ती जॉन बिगेलो यांनी १८६८ मध्ये काढली. म्हणजे ज्याने आयुष्यभर इतरांची पुस्तके छापली, त्याचे स्वतःचे पुस्तक शुद्ध स्वरूपात यायला त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली! आरंभीच तो म्हणतो की हेच आयुष्य पुन्हा जगायला आपली हरकत नाही, फक्त लेखकांना दुसऱ्या आवृत्तीत चुका दुरुस्त करता येतात तेवढी सवलत मिळावी. ही कल्पना त्याची जुनीच. विशीत त्याने गमतीने स्वतःचा मृत्युलेख लिहून ठेवला होता, त्यातही देह म्हणजे जुन्या पुस्तकाचे पुठ्ठे आणि पुढे लेखकानेच सुधारलेली नवी आवृत्ती, असेच रूपक आहे.

त्याचे बालपण बहुतेकांना ढोबळपणे माहीत असते. १७०६ मध्ये बॉस्टनमध्ये जन्म. वडील जोसाया मेणबत्त्या आणि साबण करणारे, दोन बायकांची मिळून सतरा मुले. शाळा जेमतेम दोन वर्षे, तीही गणितात नापास होऊन दहाव्या वर्षी सुटली. बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात शिकाऊ म्हणून करार झाला. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत बांधून घेणारा करार.

या भागातली माझी आवडती पाने म्हणजे लिहायला शिकण्याची हकिगत. ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याच्या हाती लागला. त्यातला निबंध वाचायचा, प्रत्येक वाक्याचा आशय दोन शब्दांत टिपून ठेवायचा, काही दिवसांनी त्या टिपणांवरून सगळा निबंध आपल्या शब्दांत उभा करायचा आणि मग मुळाशी ताडून चुका काढायच्या. कधी निबंधाचे पद्य करायचे आणि विसर पडल्यावर पुन्हा गद्य. कधी टिपणे मुद्दाम विस्कटून पुन्हा क्रम लावायचा. मी हा प्रयोग मराठी निबंधांवर दोन वर्षे केला आहे. ज्यांना कॉलेज मिळाले नाही त्यांना मी आजही तो सुचवते, कारण त्यात गुरू लागत नाही. पण लक्षात घ्यायला हवे की त्यात मूळ प्रत लागते. चूक ठरते ती मुळाशी ताडून. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता शुद्धिपत्र. फ्रँकलिनने नाव घेऊन नोंदलेल्या चुका मोजक्या आहेत. भावाचा करार मोडून पळाला, ही पहिली. व्हर्नन नावाच्या गृहस्थाने वसूल करून ठेवायला सांगितलेले पैसे मित्राला उसने देऊन टाकले, ही दुसरी. लंडनला गेल्यावर डेबोरा रीड या वाग्दत्तासारख्या मुलीला एकच पत्र लिहून तिला विसरला, ही तिसरी. १७२५ मध्ये माणसाला इच्छास्वातंत्र्य नाही असे सांगणारी एक पुस्तिका छापली. आणि मित्र राल्फ गावी नसताना त्याच्या मैत्रिणीशी लगट करू पाहिली. तिने झिडकारले. राल्फने त्यावरून मैत्री तोडली आणि घेतलेली उसनवारीही फिटली असे जाहीर केले, त्यामुळे या चुकीचा दंड फ्रँकलिनच्या खिशातून परस्पर वसूल झाला.

यादी मोहक आहे. अठराव्या शतकात एवढा मोठा मुत्सद्दी आपल्या लगटीची हकिगत मुलाला उद्देशून लिहितो, हे धाडसच. पण मुद्रितशोधकाच्या नजरेने पाहिले तर दिसते की मुख्य नोंदींसमोर शुद्ध पाठही दिलेला आहे. व्हर्ननचे पैसे व्याजासह फेडले. डेबोराशी १७३० मध्ये संसार थाटला. जेम्सच्या मुलाला शाळेत घातले, मग धंदा शिकवला आणि पुढे नव्या खिळ्यांचा संच दिला. अशुद्ध आणि शुद्ध असे दोन रकाने. ज्या चुकीसमोरचा दुसरा रकाना भरता येत नाही, ती सहसा पहिल्यातही येत नाही. ज्या मुलाला उद्देशून पहिला भाग लिहिला, तो विल्यम विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला. त्याच्या आईविषयी पुस्तकात अक्षर नाही.

पण मला ज्या गाळलेल्या नोंदीविषयी बोलायचे आहे ती वेगळी आहे आणि ती पहिल्याच चुकीच्या पोटात दडलेली आहे.

जेम्सचे ‘न्यू-इंग्लंड कूरंट’ हे पत्र अधिकाऱ्यांना खुपत होते. १७२२ मध्ये त्याला महिनाभर तुरुंगात टाकले, पुढच्या वर्षी त्याच्या नावाने पत्र छापायला मनाई झाली. तेव्हा युक्ती निघाली. पत्र बेंजामिनच्या नावावर काढायचे. त्यासाठी जुना करार मोकळा केल्याचे दाखवायचे आणि आतून गुप्त नवा करार करायचा. भाऊ मारहाण करी. गुप्त करार तो चारचौघांत दाखवू शकणार नाही, हे ओळखून सतरा वर्षांचा बेंजामिन सप्टेंबर १७२३ मध्ये पुस्तके विकून जहाजाने न्यूयॉर्कला आणि तिथून फिलाडेल्फियाला पळाला. वाटेत खाणावळीत लोक चौकशा करू लागले. हा कुणाचा तरी पळालेला चाकर असावा असा त्यांना संशय आला, आणि आपण पकडले जाऊ अशी भीती त्याला वाटली. हे त्याने स्वतः लिहिले आहे. त्यानंतर येते ते प्रसिद्ध आगमन. अंगावर कामाचे कपडे, प्रवासाने मळलेले. खिसे सदऱ्यांनी आणि मोज्यांनी फुगलेले. जवळ एक डच डॉलर आणि शिलिंगभर तांब्याची नाणी. काखेत पावाचे रोल.

अमेरिकन शालेय पुस्तकांत हे दृश्य स्वावलंबनाची पहिली पायरी म्हणून येते. मला ते अनेक वर्षे तसेच दिसले. मग त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या पळालेल्या चाकरांच्या आणि गुलामांच्या जाहिराती वाचनात आल्या, आणि त्यानंतर ते दृश्य पूर्वीसारखे दिसेना. वय, बांधा, अंगावरचे कपडे, सोबत नेलेले कपडे, अंगची कला. अशा जाहिरातीचा साचा हाच असे. फ्रँकलिनने पासष्टाव्या वर्षी स्वतःचे जे वर्णन केले ते त्याच साच्यातले आहे. त्याने तो साचा मुद्दाम वापरला असे मी म्हणणार नाही. शेकडो वेळा जुळवलेला मजकूर हाताला पाठ होतो, एवढेच म्हणेन. आणखी एक गोष्ट. भाऊ पळाल्यावर जेम्सने नवा शिकाऊ हवा अशी जाहिरात आपल्या पत्रात दिली. त्यात मुलासाठी ‘लाइकली’ हे विशेषण आहे, म्हणजे धडधाकट, कामाला येईल असा. हेच विशेषण गुलामांच्या विक्रीच्या जाहिरातींत सर्रास आढळते.

१७२९ मध्ये फ्रँकलिनने ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’ विकत घेतले आणि ते वसाहतींतले एक आघाडीचे पत्र केले. १७४८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तो धंद्यातून मोकळा झाला तो या छापखान्याच्या आणि ‘पुअर रिचर्ड’ पंचांगाच्या जोरावर. त्या गॅझेटमध्ये पळालेल्यांना पकडून देण्याच्या जाहिराती नियमाने येत. त्यात करारबद्ध गोरे चाकर बरेच, आणि काळे गुलामही. गुलाम विकणे असल्याच्या जाहिरातीही येत. वय, येणारी कामे, देवी येऊन गेल्या आहेत की नाहीत, आणि शेवटी ‘मुद्रकाकडे चौकशी करावी’. हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. मुद्रक इथे मजकूर छापून मोकळा होत नाही, दलालाची जागा घेतो. त्याच्या स्वतःच्या घरीही गुलाम होते.

यातले काही शुद्धिपत्रात नाही. वर्तमानपत्राच्या नीतीविषयी तो बोललाच नसता तर गोष्ट वेगळी होती. पण तो बोलतो. आपण निंदानालस्ती छापायचे टाळले, लोक म्हणत की पैसे देणाऱ्याला वर्तमानपत्रात टपालगाडीसारखी जागा मिळालीच पाहिजे, तरी आपण नकार दिला, हे तो अभिमानाने सांगतो. म्हणजे टपालगाडीत कुणाला घ्यायचे हे मुद्रक ठरवू शकतो, हे त्याला मान्य होते.

‘काळच तसा होता’ हे उत्तर मी स्वतः बरीच वर्षे देत असे. ते टिकत नाही, आणि ते फ्रँकलिनच्याच छापखान्यामुळे टिकत नाही. फिलाडेल्फियाला लागूनच असलेल्या जर्मनटाउनमध्ये १६८८ मध्येच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध झाला होता. १७२९ मध्ये राल्फ सँडिफर्ड या क्वेकराने गुलाम बाळगणाऱ्यांवर कठोर पुस्तक लिहिले. १७३७ मध्ये बेंजामिन ले या दुसऱ्या क्वेकराने त्याहून जळजळीत लिहिले. दोन्ही फ्रँकलिनने छापली. म्हातारपणी एका पत्रात त्याने ते सांगितलेही. मात्र दोन्ही पुस्तकांवर मुद्रकाचे नाव नाही. गुलामाच्या विक्रीची चौकशी मुद्रकाकडे करावी, आणि गुलामगिरीच्या निषेधाला मुद्रकच नाही.

इथे मूळ प्रतीचा मुद्दा येतो. मुद्रितशोधक हस्तलिखितात जे आहे तेच प्रुफात आले की नाही एवढे पाहतो. हस्तलिखितच चुकीचे असेल तर प्रूफ निर्दोष ठरते. फ्रँकलिनच्या समाजाने त्याच्यापुढे जी प्रत ठेवली तिच्यात करार मोडणे ही चूक होती, माणूस विकणे नव्हती. म्हणून पहिले नोंदले गेले, दुसरे गेले नाही. इतपत समजूत पटते. पण सँडिफर्ड आणि ले यांनी दुसरी प्रत त्याच्या हाती दिली होती आणि त्याच्या छापखान्यात ती अक्षर अक्षर जुळवली गेली होती. तिच्याशी त्याने आपले आयुष्य ताडून पाहिले नाही, निदान या पुस्तकात.

उत्तरायुष्यात तो बदलला, हे न सांगणे अन्याय होईल. १७८७ मध्ये तो पेन्सिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि फेब्रुवारी १७९० मध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी, त्याच्या सहीने गुलामगिरीविरुद्धचा अर्ज अमेरिकन काँग्रेसकडे गेला. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकनांना अर्पण केले, त्यांच्या पूर्वसूरींत तो बसतो. म्हणूनच तारखा बघाव्या लागतात. आत्मचरित्राचा तिसरा भाग १७८८ चा आहे, म्हणजे संस्थेचा अध्यक्ष झाल्यानंतरचा. दुसरा रकाना आता भरण्याजोगा होता. पण त्या भागात गुलामांचा उल्लेख येतो तो विनोदात. गव्हर्नर मॉरिस जेवताना सांको पांझाची आठवण काढतो. त्याला म्हणे काळ्या प्रजेचे राज्य हवे होते, पटले नाही तर विकता यावे म्हणून. मग कुणी फ्रँकलिनला विचारतो, तुम्ही या क्वेकरांना विकून का टाकत नाही? फ्रँकलिन उत्तरतो की गव्हर्नरांनी अजून त्यांना पुरेसे काळे केलेले नाही. कोटी चपखल आहे. ब्याऐंशीव्या वर्षी लिहितानाही तो तिच्यावर खूश आहे, हे वाक्याच्या ठेवणीवरून कळते.

डेव्हिड वॉल्डस्ट्रायशर यांनी ‘रनअवे अमेरिका’ (२००४) या पुस्तकात फ्रँकलिनची पळून जाण्याची कथा आणि त्याचा गुलामगिरीशी असलेला व्यवहार शेजारी ठेवून पाहिला आहे. त्यांचे ऋण मोठे. फ्रँकलिनने गुलामगिरीविरोधाची आपली प्रतिमा नंतर जाणीवपूर्वक घडवली, याकडे त्यांचा रोख आहे. माझा रोख माणसापेक्षा पुस्तकाच्या घाटाकडे आहे. ‘इराटा’ हा शब्द निवडला तेव्हाच काय कबूल करता येईल याची मर्यादा पडली. शुद्धिपत्रात एखाददुसरे अक्षर, फार तर ओळ बसते. सगळ्या फर्म्यात मुरलेली चूक तिथे बसत नाही.

१७५७ मध्ये फ्रँकलिन लंडनला गेला तेव्हा पीटर आणि किंग हे दोन गुलाम सोबत होते. किंग विल्यमच्या सेवेला होता. फ्रँकलिन पितापुत्र बाहेरगावी असताना तो निघून गेला. जून १७६० मध्ये डेबोराला लिहिलेल्या पत्रात फ्रँकलिनने त्याचा ठावठिकाणा कळवला आहे. सफोकमध्ये एका बाईंनी त्याला ठेवून घेतले होते. त्या त्याला लिहायला-वाचायला शिकवत होत्या, व्हायोलिन आणि फ्रेंच हॉर्नही. त्या त्याला परत पाठवतील की विल्यमकडून विकत घेतील, ते सांगता येत नाही, असे फ्रँकलिन लिहितो. आत्मचरित्राची शेवटची पाने याच लंडनच्या वर्षांविषयीची आहेत. त्यांत किंगचे नाव नाही.