मोठेपण संख्येचे की सिद्धतेचे?

दोनचा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ आहे, असे एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखविले. यंत्राच्या साहाय्यावाचून मूळ ठरविलेल्या संख्यांत ती आजही सर्वांत मोठी गणली जाते. तिच्याविषयीच्या विवेचनात बहुधा या विक्रमाचेच कौतुक आढळते आणि सिद्धतेचा विचार मागे पडतो.

मेर्सेनने १६४४ मध्ये दिलेल्या घातांकांच्या यादीत १२७ होताच. परंतु त्याच यादीतील ६७ व २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले; ६१, ८९ व १०७ हे तर तीत नव्हतेच. तेव्हा १२७ विषयीचे त्याचे विधान खरे निघाले, तरी त्यास ज्ञान म्हणता येत नाही.

एक व ती स्वतः यांवाचून विभाजक नसणे, ही मूळ संख्येची व्याख्या नकारात्मक आहे. विभाजक शोधीत गेल्यास येथे वर्गमुळापर्यंत, म्हणजे १३ वर १८ शून्ये इतक्या संख्येपर्यंत जावे लागेल. प्रत्येक विभाजक २५४ च्या पटीहून १ ने अधिक असतो हे ध्यानी घेतले, तरी उरणारे काम मनुष्याच्या आवाक्यातील नव्हे. ल्युकाने हा मार्गच सोडला. लेमरने पुढे सुटसुटीत केलेल्या रूपात त्याची कसोटी अशी: आरंभी ४ घ्यावेत, प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करावेत व तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. घातांक विषम मूळ असता, घातांकाहून दोनने कमी इतक्या कृतींनंतर बाकी शून्य आली तर, आणि तरच, संख्या मूळ होय. घातांक ७ असता १२७ ही संख्या तपासताना ४, १४, ६७, ४२, १११, ० असा क्रम मिळतो. घातांक १२७ असता अशा १२५ कृती पुरतात.

या पद्धतीचे दुसरे फलही तितकेच लक्षणीय आहे. घातांक ६७ ची संख्या संयुक्त असल्याचे ल्युकाने विभाजक न सांगताच दाखविले. १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ हे तिचे विभाजक कोलने १९०३ मध्ये मांडले.

तथापि ल्युकाच्या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही कसोटी चालते, कारण संख्येत १ मिळविताच दोनचा शुद्ध घात मिळतो. तेवढ्याच अंकांच्या अन्य संख्येला ही सोय नाही. २०२४ मध्ये सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्याही (घातांक १३,६२,७९,८४१) याच जातीची आहे. विक्रमांच्या यादीत हीच जात वारंवार दिसते, ती कसोटीच्या सोयीमुळे. त्यावरून मूळ संख्यांच्या विभागणीविषयी अनुमान काढणे अयुक्त होय. अशा संख्या अनंत आहेत काय, हा प्रश्न अद्याप अनिर्णीत आहे आणि नव्या विक्रमाने तो सुटत नाही.