विंधन आणि वेध : खनिज-अन्वेषणाच्या परिभाषेचे एक परीक्षण

सोयगाव तालुक्यात ज्या कृतीस लोक ‘बोअर मारणे’ म्हणतात, तिला शासकीय मराठीने ‘विंधन’ हा शब्द दिला आणि ‘विंधन विहीर’ ही संज्ञा रूढ केली. शब्द अस्सल आहे. परंतु पाण्यासाठी पाडलेले छिद्र आणि खनिजाच्या शोधार्थ घेतलेले छिद्र या दोहोंस तो सारखाच लावला म्हणजे विचारात घोटाळा होतो. त्या घोटाळ्याचे स्वरूप येथे तपासावयाचे आहे.

विंधन विहिरीत छिद्र हेच फलित असते. दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा खडक फोडीत जातो, चुरा वर उडतो आणि बांधावर पडून राहतो. अन्वेषणात फलित म्हणजे खडकाचा गाभा; छिद्र हे केवळ त्याचे साधन. हिरे बसविलेल्या पोकळ पात्याने खडकाचा दंडगोल कापून तो खोलीच्या क्रमाने पेटीत मांडतात. 3 मीटर खोदाईत 2.4 मीटर गाभा हाती आला, तर प्राप्ती 80 टक्के झाली. हरवलेला पाचवा हिस्सा बहुधा ठिसूळ भागाचा असतो, आणि खनिज कित्येकदा त्याच भागात असते. ‘किती मीटर विंधन झाले’ एवढेच नोंदविणाऱ्या अहवालात ही हानी दिसत नाही.

नियोजनाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. सोयगाव तालुक्यातील अजिंठा लेण्यांच्या कड्यात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे दिसतात. अशा प्रदेशात उभे छिद्र थरांना काटकोनात छेदते. छिद्रात मोजलेली लांबी हीच थराची जाडी ठरते. नागपूर-भंडारा भागातील मँगनीजचे थर मात्र वळ्या पडलेले असून अनेक ठिकाणी तीव्र उताराचे आहेत. 60 अंशांनी कललेल्या थरात उभ्या छिद्राने 20 मीटर खनिज दाखविले, तर थराची खरी जाडी 10 मीटरच असते. म्हणूनच तेथे छिद्र तिरपे, थराला शक्य तितके काटकोनात घेण्याची योजना करतात. दोन्ही मापांना ‘जाडी’ हा एकच शब्द वापरणाऱ्याच्या हिशेबात साठा दुप्पट होतो. पहिल्या मापास ‘छेदलांबी’ म्हणावे, असे आम्हांस वाटते.

शिवाय प्रत्येक छिद्र हे एका बिंदूचे विधान असते. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी येथे 617 मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात 338 मीटरांवर बेसाल्ट संपला. कोयना परिसरात तो सुमारे 930 मीटर जाड आढळला. या दोन आकड्यांची सरासरी काढून सोयगावचा तळ सांगू पाहणे हे अनुमान नव्हे, अविचार होय. पहिल्या छिद्रावरून बांधलेले अनुमान जेथे खोटे ठरण्याचा संभव अधिक, तेथे दुसरे छिद्र घेणे, हे नियोजनाचे मर्म आहे.

या अर्थासाठी नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. ‘विंधणे’ आणि ‘वेध’ ही दोन्ही ‘व्यध्’ या एकाच धातूची अपत्ये. कर्णवेधात टोचणे आहे, वेधशाळेत निरीक्षण आहे. ‘वेध’ या शब्दात भेदन आणि अवलोकन दोन्ही नांदतात. पाण्यासाठी ‘विंधन’ राहू द्यावे. अन्वेषणासाठी ‘वेध’ योजावा. विहीर खोदणाऱ्यांचे मुरूम, गेरू, मांजऱ्या हे शब्दही नोंदीत यावेत, कारण खडकातील जो भेद त्यांनी हाताने ओळखला, तो ‘कठीण’ व ‘मऊ’ या दोन विशेषणांत मावत नाही.

यावर कोणी म्हणेल, शब्द बदलल्याने जमिनीत काय बदलणार? जमिनीत काहीच नाही. पण नोंदवहीत पुष्कळ. सोयगावच्या शेतकऱ्याचे विंधन कोरडे गेले म्हणजे त्याचा पैसा बुडतो आणि शेजारी पुन्हा तेवढाच पैसा घालतो. त्याच छिद्रातील खडकांची खोलीवार नोंद ठेवली असती, तर तो कोरडा वेध शेजाऱ्याच्या कामी आला असता.