तोच चेहरा, तेच पात्र? : यंत्रनिर्मित चलचित्रांतील पात्रसातत्याचा प्रश्न

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चलचित्रांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा दोन सुरांत. एक कौतुकाचा, दुसरा कलावंतांच्या पोटावर पाय येईल या भीतीचा. दोन्ही सुरांना आधार आहे. पण कलाकृती म्हणून ही चलचित्रे कशी आहेत, हा प्रश्न त्यांत मागे पडतो. तो विचारायचा तर एका साध्या अटीपासून सुरुवात करावी लागते : पहिल्या दृश्यात दिसलेला माणूस दुसऱ्या दृश्यात तोच आहे, हे पाहणाऱ्याला पटले पाहिजे. कथा सांगणाऱ्या कोणत्याही दृश्यकलेची ही किमान अट आहे आणि यंत्राला नेमकी तीच फार जड गेली.

याचे कारण यंत्रणेच्या रीतीत आहे. ‘डिफ्यूजन’ पद्धतीत चित्रणाची सुरुवात यादृच्छिक ठिपक्यांच्या गोंधळापासून होते. शब्दांत दिलेल्या वर्णनाच्या आधाराने तो गोंधळ टप्प्याटप्प्याने निवळतो आणि चित्र उमटते. एका सलग तुकड्यातल्या चौकटी परस्परांशी मेळ राखत घडतात. पुढचा तुकडा मात्र नव्या गोंधळातून सुरू होतो. दोहोंमध्ये स्मरणाचा धागा नसतो. ‘पन्नाशीची, उभट चेहऱ्याची, मोठे कुंकू लावणारी शिक्षिका’ हे वर्णन हजारो स्त्रियांना लागू पडते. यंत्र दर वेळी त्यांतली कुणी तरी एक आणून उभी करते. कादंबरीकाराला ही अडचण येत नाही, कारण मनात बसलेला चेहरा वाचक स्वतःच सांभाळतो. चित्रपटाच्या सेटवर प्रत्यक्ष नट उभा असतो. तिथे कंटिन्युइटी पाहणाऱ्याने पदर, घड्याळ, अर्धवट प्यालेला चहा यांवर नजर ठेवली की भागते. यंत्राजवळ वाचकाचे मन नाही आणि नटाचे शरीरही नाही.

या उणिवेला कलावंतांनी दिलेले एक लक्षणीय उत्तर म्हणजे ‘एअर हेड’ हा लघुपट. ओपनएआय कंपनीने ‘सोरा’ ही प्रणाली फेब्रुवारी २०२४मध्ये जगासमोर आणली आणि पुढच्याच महिन्यात टोरांटोच्या ‘शाय किड्स’ या गटाने तिच्या साहाय्याने केलेला हा दीडेक मिनिटाचा लघुपट प्रसिद्ध झाला. त्याच्या नायकाला डोक्याच्या जागी पिवळा फुगा आहे. वारा आणि कॅक्टसचे दुकान यांची त्याला धास्ती वाटते. कल्पना गमतीची आहे, तशीच ती धोरणाचीही आहे. जिथे चेहरा टिकत नाही, तिथे चेहराच काढून टाकला आणि कुठल्याही गर्दीत ओळखू येईल अशी खूण त्या जागी बसवली. धड कुणाचे, याकडे मग आपले लक्ष जात नाही. तरीही फुग्याचा रंग बदले, त्यावर नको असताना चेहरे उमटत. ते नंतर माणसांनी संपादनात दुरुस्त केले. गटातील पॅट्रिक सेडरबर्ग यांच्या अंदाजानुसार अंतिम लघुपटात आहे त्याच्या सुमारे ३०० पट चित्रण तयार करावे लागले.

लघुपट जमला आहे. पण तो कशामुळे जमला, हे नीट पाहायला हवे. विखुरलेल्या दृश्यांना बांधून ठेवते ते निवेदन. ‘हा तोच माणूस’ ही खात्री डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक मिळते. शिवाय फुग्याला मुद्रा नाही. त्याच्यावर राग, लाज, संकोच उमटू शकत नाही. म्हणून हा लघुपट स्वगत राहतो. दोन माणसे समोरासमोर येऊन काही घडावे, हे त्याच्या आवाक्यात नाही. युक्तीने अडचण ओलांडली, पण नाट्याची किंमत देऊन.

ही युक्ती नवी मात्र नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकाच्या चित्रणात तोच राजपुत्र पुनःपुन्हा दिसतो आणि पाहणाऱ्याला कथेच्या आधाराने त्याला ओळखत पुढे जावे लागते. दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत छद्दंत जातक आहे. तिथे कळपातल्या हत्तींमध्ये बोधिसत्त्व कोणता, हे त्याच्या शुभ्र वर्णावरून आणि सहा सुळ्यांवरून कळते. फुगा आणि सहा सुळे ही एकाच जातीची उत्तरे आहेत. फरक इतकाच, की अजिंठ्याच्या प्रेक्षकाला कथा आधीपासून ठाऊक होती.

इथे मूळ प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहता येते. पात्राची ओळख खरोखर चेहऱ्यात असते का? दादासाहेब फाळके यांच्या १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. चेहरा एक, पात्रे दोन; तरी चित्रपट तुफान चालला. उलट सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीत (१९५५ ते १९५९) अपूची भूमिका वेगवेगळ्या वयांसाठी चार जणांनी केली. चेहरे चार, पात्र एक. आणि प्रेक्षकाला अपू कुठेही तुटल्यासारखा वाटत नाही. त्याच्या कुतूहलाची जात तीच राहते, त्याचे एकेक माणूस गमावत जाणे पुढे चालू राहते. सातत्य म्हणजे नाकीडोळी सारखेपणा, ही समजूत या दोन्ही उदाहरणांपुढे टिकत नाही.

तंत्रज्ञानाने मात्र हीच समजूत धरली आहे. २०२२च्या ‘ड्रीमबूथ’ पद्धतीने एखाद्या व्यक्तीची मोजकी छायाचित्रे देऊन प्रारूपाला ती व्यक्ती ‘शिकवणे’ शक्य झाले. मार्च २०२५मध्ये रनवे कंपनीने ‘जेन-४’ आणले, त्याचा मुख्य दावाच असा होता की एका संदर्भचित्रावरून तेच पात्र निरनिराळ्या दृश्यांत राखता येईल. ॲनिमेशनपटांत अनेक हातांनी एकच पात्र रेखाटायचे असल्याने त्याच्या सर्व बाजू आणि मुद्रा दाखवणारा ‘मॉडेल शीट’ नावाचा तक्ता करतात. संदर्भचित्र हा त्याचाच वंशज. पण तक्ता हाती घेतलेला चित्रकार प्रसंग ओळखून त्यापासून किती हटायचे, हे ठरवत असे. यंत्राला चेहरा राखायला सांगितले की ते पुष्कळदा संदर्भचित्रातली मुद्राही राखू पाहते. परिणामी जुना दोष उलटून येतो : आधी पात्र दृश्यागणिक बदलत होते, आता ते कशानेच बदलत नाही. पावसात भिजून, रात्र जागून, अपमान गिळूनही चेहरा तसाच तुकतुकीत.

ऑक्टोबर २०२५मध्ये जिओहॉटस्टारवर ‘महाभारत : एक धर्मयुद्ध’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केलेली मालिका सुरू झाली. नव्या तंत्राने पुराणकथेकडे वळावे, हे फाळक्यांच्या वेळेसारखेच आहे, आणि त्याला व्यवसायापलीकडचे कारण आहे. पौराणिक पात्र मोरपीस, गदा, मुकुट, वर्ण अशा खुणांनी ओळखू येते. चेहरा थोडा हलला तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. पण त्याच पात्रांची खरी कसोटीही महाभारतातच आहे. द्यूतसभेपूर्वीची द्रौपदी आणि नंतरची द्रौपदी एकच असली पाहिजे आणि एकसारखी असता कामा नये. भट्ट नारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकाने यासाठी तिचे मोकळे केस वापरले. भीम ते बांधीपर्यंत ते केस तिची ओळखही सांगतात आणि तिच्यावर काय गुदरले, तेही.

अशी खूण संदर्भचित्रातून मिळत नाही; ती कथा समजलेल्या माणसाला सुचावी लागते. तेव्हा यंत्रनिर्मित चलचित्र पाहताना चेहरा जुळतो की नाही, एवढे तपासून समीक्षकाला थांबता येणार नाही. जे घडले त्याची नोंद त्या चेहऱ्यावर राहिली आहे का, हे त्याने विचारले पाहिजे. पहिली गोष्ट तंत्र सुधारेल तशी साधत जाईल. दुसरीची जबाबदारी पूर्वीइतकीच लेखक-दिग्दर्शकावर आहे, आणि यंत्राकडे बोट दाखवून ती टाळू देऊ नये.