रेल्वेचे ‘दुसरे शतक’

संगणकावरील खेळाची समीक्षा या पत्रिकेत पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु प्रत्येक रचना जगाकडे पाहण्याची एक दृष्टी देत असते, आणि ती दृष्टी तपासणे हे समीक्षेचेच काम आहे.

अमेरिकेतील पॉपटॉप सॉफ्टवेअर या संस्थेने १९९८ मध्ये ‘रेलरोड टायकून २’ हा खेळ काढला. खेळणारा रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होतो. शेअर व कर्जरोखे विकून तो भांडवल उभारतो, रूळ टाकतो, इंजिने घेतो आणि जमल्यास प्रतिस्पर्ध्याची कंपनीही ताब्यात घेतो. १९९९ मध्ये त्याला ‘द सेकंड सेंच्युरी’ ही पुरवणी जोडण्यात आली. तिचा काळ दुसऱ्या महायुद्धापासून कल्पित भविष्यापर्यंतचा आहे. मुलाने विद्यार्थिदशेत आणलेली ती तबकडी निवृत्तीनंतर माझ्या हाती लागली.

आधी गुण सांगतो. चढ वाढला की गाडी मंदावते आणि उत्पन्न घटते. कंपनीची पत घसरली की कर्जरोख्यांचे व्याज वाढते, आणि तेजीत अंगावर घेतलेले कर्ज मंदीत गळ्याशी येते. पाठ्यपुस्तकातून जे नीट उमगले नव्हते, ते इथे दोन संध्याकाळी समजते.

दोष मात्र मुळाशी आहे. ठरलेल्या वर्षाच्या आत उद्दिष्ट गाठले की पदक मिळते आणि कथा संपते. पुरवणीचे नाव शतकाचे असले, तरी हिशेब एका अध्यक्षाच्या कारकिर्दीचाच राहतो. न परवडणारा मार्ग बंद करावा, ही तिची साधी नीती आहे.

आपल्या माळव्याचा अनुभव याहून वेगळा आहे. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खांडवा–इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले. व्याज साडेचार टक्के आणि मुदत एकशे एक वर्षांची! शिवाय जमीन विनामूल्य दिली. १८७४ मध्ये खांडवा–सनावद टप्पा सुरू झाला, पुढे नर्मदेवर पूल झाला आणि पातालपाणीच्या घाटातून चाळीसास एक असा चढ चढून गाडी माळव्यावर आली. कर्ज देणारे राज्य मुदतीपूर्वीच, १९४८ मध्ये, मध्य भारतात विलीन झाले. मार्ग मात्र राहिला. शिंद्यांची दोन फुटी ग्वाल्हेर–श्योपूर गाडी तर सुमारे दोनशे किलोमीटर रखडत २०२० पर्यंत चालली. खेळात तिचे रूळ मी पहिल्याच मंदीत उखडले असते.

तुकोजीराव केवळ उदार होते, असे मला म्हणायचे नाही. व्याज त्यांनी चोख लावले होते. पण एकशे एक वर्षांची मुदत घालणाऱ्याला ठाऊक असते की शेवटचा हप्ता पाहायला आपण नसणार. हे ठाऊक असूनही केलेल्या व्यवहाराला खेळात जागा नाही. तसेच जी. आय. पी. सारख्या कंपन्यांना मिळालेल्या पाच टक्के हमीलाही नाही. त्या हमीमुळे भागधारक निर्धास्त राहिले आणि तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली गेली. खेळातला अध्यक्ष स्वतःच्या चुकीने बुडतो. आपल्याकडे मात्र चूक एकाची आणि भरणा दुसऱ्याचा, असेही घडले.

हे लिहिताना एक कबुली द्यायला हवी. शासकीय सेवेत असताना एका नाल्यावरील पुलाच्या प्रस्तावावर ‘अपेक्षित वाहतूक अपुरी’ असा शेरा मी लिहिला होता. आकडे बरोबर होते, परंतु पूल नसल्यामुळेच तेथे वाहतूक नव्हती, हे ध्यानी आले नाही. पुढच्या पावसाळ्यातही त्या गावची मुले शाळेपर्यंत पोहोचत नव्हती. खेळाने त्या शेऱ्याबद्दल मला पदकच दिले असते, आणि तेच आता मला खुपते.

म्हणून नातवंडांच्या हाती हा खेळ जरूर द्यावा. व्याज आणि पत यांचा धडा फुकट जाणार नाही. मात्र पदक मिळाल्यावर त्यांना एक प्रश्न विचारावा: उखडलेल्या रुळांच्या शेवटच्या स्टेशनावर कोण उभे होते?