जात लपवून मिळालेलं स्वातंत्र्य

कलावंत स्वतंत्र असला पाहिजे, असं पांढरपेशे समीक्षक सांगतात. जातीपासून, चळवळीपासून, घोषणेपासून स्वतंत्र. ऐकायला बरं वाटतं. पण दोस्तहो, हे स्वातंत्र्य आपल्याला काय भावात पडतं, त्याचा हिशेब बाबुराव बागुलांनी 1963 सालीच मांडून ठेवलाय. 'जेव्हा मी जात चोरली होती' आपण अन्यायाची कथा म्हणून वाचतो. मला ती कवीच्या स्वातंत्र्याची कथा वाटते.

कथेतला 'मी' रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. जात सांगितली तर खोली मिळणार नाही, म्हणून ती लपवतो. तो कवी आहे. रामचरण तिवारी त्याच्या कवितेवर खूष होतो, त्याला गुरू मानतो. म्हणजे समीक्षकांना पाहिजे ते सगळं इथं हजर. जातीचं नाव नाही, नुसती कविता नि तिचा रसिक. आणि हा स्वतंत्र कवी जगतो कसा? जीव मुठीत धरून. जात कळते तेव्हा तोच रसिक त्याच्या अंगावर हात टाकतो. कविता होती तीच असते. तिची किंमत मात्र उतरलेली असते.

त्याला सोडवतो काशीनाथ. काशीनाथनं जात चोरलेली नाही, म्हणून त्याला पावलोपावली भांडावं लागतं. बागुलांनी इथं एका माणसाची दोन माणसं केलीत. एकाकडे शब्द आहेत, दुसऱ्याकडे हिंमत. कथेची ताकद त्यात आहे, नि माझं भांडणही तिथंच आहे. मार खाल्ल्यावर कवी दोष मनूला देतो. 25 डिसेंबर 1927 ला महाडात बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, त्या वाटेवरचंच हे बोलणं. पण मनूला हात नसतात. हात तिवारीचे होते. शत्रूचं नुसतं पुस्तकातलं नाव घेऊन भागत नाही, समोरच्याचा हातही धरावा लागतो. 1972 साली दलित पँथर उभी राहिली. तिच्यातल्या कवींनी शब्द नि हिंमत एकाच अंगात आणली.

मी गिरणीतला माणूस, म्हणून एक गोष्ट सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण अस्पृश्यांना तिथं मज्जाव. कारण काय, तर धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, नि आपल्या तोंडाचा सवर्ण कामगारांना विटाळ. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. ज्या तोंडाला सूत ओढायची बंदी, त्या तोंडाला कविता म्हणायची मोकळीक कोण देणार? आपल्याकडं अभिव्यक्तीचा प्रश्न आधी तोंडाच्या विटाळाचा आहे. सौंदर्यशास्त्र त्याच्या मागून येतं.

घटना उघडून बघा. कलम 19 बोलायचं स्वातंत्र्य देतं. त्याच्या आधी कलम 17 येतं, ते अस्पृश्यता नष्ट करतं. ह्या क्रमाला मी फार मानतो. 17 चा अंमल जिथं नाही, तिथं 19 फक्त खोटं नाव घेऊन वापरता येतं. बागुलांचा कवी तेच करतो.

आजही आपली पोरं आडनाव गाळून कविता पाठवतात. खोली भाड्यानं बघताना आडनाव गिळतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, डोक्यावर छप्पर लागतंच. पण घरमालकाला आडनाव सांगितलं नाही म्हणून कवितेतही सांगायचं नाही, हे चालणार नाही. खुद्द बागुलांना सुरतेत जात लपवून राहावं लागलं होतं. ते जगणं सोसेना म्हणून ते नोकरी सोडून मुंबईला आले, नि मग त्या चोरीवरच कथा लिहिली. चोरी कबूल करून त्यांनी ती ज्यांनी करायला लावली त्यांच्या अंगावर फेकली.

कोणी म्हणेल, जात सांगितली की कविता लहान होते. त्याला विचारा, तुझी जात न सांगता सगळ्यांना कळते, मग तुझी कविता का लहान होत नाही?

दोस्तहो, लिहा. खाली पुरतं नाव घाला. जयभीम.