दोन नायक आणि माडीवरची खोली

प्रेमकथेला दोन माणसं लागतात आणि त्या दोघांचे स्वभाव जुळता कामा नयेत, हा नियम फार जुना आहे. एक घुमा तर दुसरा बडबड्या, एक हिशेबी तर दुसरा उधळ्या. दोघंही समजूतदार निघाले तर कादंबरी चौथ्या पानावर संपेल आणि प्रकाशक उपाशी मरेल. आमच्या जंगलातही हाच न्याय आहे. आलापल्लीचा साग बघा, ताठ, सरळ, सरकारी खात्यात नोकरीला असल्यासारखा. आणि त्याच रानातला मोह! मार्च-एप्रिलच्या पहाटे सगळं जमिनीवर सांडून मोकळा होतो, आणि त्याच्या वासानं अस्वलापासून माणसापर्यंत सगळे वेडे होतात.

हल्ली विलायतेत या नियमावर एक नवीच प्रेमकथा पिकते आहे. काळ रीजन्सीचा, म्हणजे १८११ ते १८२०. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झालेला आणि युवराज त्याच्या नावानं कारभार हाकतोय, असा तो काळ. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या याच वर्षांत छापून आल्या. मुलाचं वार्षिक उत्पन्न किती, या प्रश्नाभोवती ती बाई अख्खी कादंबरी फिरवायची. आपल्याकडचे वधूपिते ‘धानाची जमीन किती एकर?’ म्हणून विचारतात, त्यातलाच प्रकार. नव्या लेखकांनी एवढंच केलं की नायिकेच्या खुर्चीवर आणखी एक नायक बसवला. एक उमराव कपाळाला आठ्या घालून वावरतो, दुसरा हसतमुख आणि कर्जबाजारी. मग नाच, बग्गी, पाऊस, चिखलात रुतलेली बग्गी. बग्गी रुतली की प्रेम मार्गाला लागलं म्हणून समजावं.

अशा दोन-तीन कादंबऱ्या मी वाचल्या. चंद्रपूरच्या मे महिन्यात, कूलरसमोर बसून, विलायती पाऊस फार गोड लागतो. पण वाचताना एक चाळा लागला. हे उमराव गळपट्टे बांधत होते तेव्हा आपल्या चांद्यात काय चाललं होतं? तर चांदा भोसल्यांचा होता, आणि १८१८ च्या मे महिन्यात त्याच साहेबांचे भाऊबंद आपल्या किल्ल्यावर तोफा डागत होते. म्हणजे बग्गीतला साहेब आपल्याला कळला नाही, तोफेमागचा तेवढा कळला.

या कादंबऱ्यांवर माझा खरा आक्षेप इथंच आहे. त्यात सगळं आहे, फक्त फास नाही. पुरुषानं पुरुषावर प्रेम केलं, ते उघडकीला आलं, तर त्या इंग्लंडात फाशी होती. शेवटचे दोघे १८३५ साली लंडनमध्ये लटकले. लेखक मंडळी तो फास पडद्याआड ढकलतात आणि पुढं चहा ठेवतात. पुढं साहेबानं १८६० साली आपल्यासाठी दंडविधान लिहिलं, त्यात कलम ३७७ घातलं. स्वतःच्या घरचा कायदा त्यानं १९६७ साली सैल केला. आपल्याकडे तो निरोप पोचायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला. एक्कावन्न वर्षं! एटापल्लीचं टपालसुद्धा इतका वेळ घेत नाही.

माझे एक स्नेही आहेत, निवृत्त वनपाल. त्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘हे तिकडच्या लोकाइचं जी. आपल्याकडं असं काई नसते.’’ मी काही बोललो नाही. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ त्यांच्या पिशवीत टाकली.

ही मराठी कादंबरी २००६ ची. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, माडीवरची भाड्याची खोली, तिथं राहायला आलेला एक तरुण. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो. घरातली मुलगी अनुजाही त्याच्याच प्रेमात पडते, आणि एके दिवशी त्याच्यासोबत निघून जाते. तनय शब्द जपून वापरणारा, सगळं मनात साठवणारा. पाहुणा मात्र मनाला येईल तसा जगणारा. म्हणजे साग आणि मोह पुन्हा आलेच, पण बग्गी नाही, नाच नाही. उमरावाच्या वाड्यात चाळीस खोल्या असतात, प्रेम लपवायची सोय असते. इथं एक जिना आहे, आणि जिन्याखाली आईचं स्वयंपाकघर.

कादंबरीचा पहिला भाग तनय सांगतो, दुसरा अनुजा. दोघांचं दुःख एकाच माणसानं दिलेलं, पण घर मात्र दोघांना दोन मापं लावतं. पोरगी परत येते तेव्हा घरभर धावपळ होते, तिच्यावर चिडायला आणि तिला सांभाळायला माणसं असतात. तनयचं काही हरवलंय, हेच कुणाला ठाऊक नाही. फाशी नाही, पोलीस नाही, कुणी हातसुद्धा उगारत नाही. नुसतं कुणी विचारत नाही. विलायती लेखकांनी जो फास लपवला, त्याचं घरगुती रूप या पुण्याच्या लेखकानं आवाज न चढवता दाखवलं.

तक्रारही आहे. त्या पाहुण्याला लेखकानं नाव दिलं नाही ते ठीक, पण वजनही फारसं दिलं नाही. तो रंग वाटतो, माणूस कमी. आणि २०२२ साली नेटफ्लिक्सवर चित्रपट आला तेव्हा खुद्द लेखक-दिग्दर्शकानं हे घर पुण्यातून उचलून केरळात नेलं आणि पात्रांना हिंदी-इंग्रजी बोलायला लावलं. निर्मात्यांची कारणं असतील. पण ‘हे तिकडच्या लोकांचं’ म्हणायला आमच्या वनपालांना पुन्हा एक आधार मिळाला!

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसताना कुणाला लाज वाटत नाही. दंडारीत पुरुष लुगडं नेसून नाचला तरी इथल्या कुणाला धक्का बसलेला नाही. अशा मांडवात तनयला एकदा उभा करावा, असं मला फार वाटतं. भाषा बदलावी लागेल, माडीऐवजी ओसरी येईल. रडणारे तयारच आहेत.

पंधरा दिवसांनी वनपालांनी पुस्तक परत केलं. कव्हर घातलं होतं, वर्तमानपत्राचं. बराच वेळ ते सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, ‘‘त्या पोराला कोणी जेवला का म्हणूनई इचारलं नाई जी?’’

या कादंबरीवर इतकी नेमकी समीक्षा मी तरी दुसरी वाचलेली नाही.