ठळक क्षण आणि गाळलेला वेळ

बी.बी.सी.चा ‘मॅच ऑफ द डे’ हा फुटबॉलचा कार्यक्रम २२ ऑगस्ट १९६४ रोजी सुरू झाला. लिव्हरपूलने आर्सेनलला ३-२ असे हरविले, तो त्यातला पहिला सामना. नव्वद मिनिटांचा खेळ कापून त्यातले ठळक क्षण दाखवायचे, ही त्याची रीत आजही टिकून आहे. नाशिकला बसून तिची दखल घ्यायची ती एवढ्यासाठी, की ही रीत फुटबॉलपुरती उरलेली नाही.

गोल दिसतो, त्याआधी अर्धा तास धावलेला बचावपटू दिसत नाही. काय गाळायचे, हे तिसराच कोणी ठरवितो. मार्च २०२३ मध्ये निवेदक गॅरी लिनेकर यांनी ब्रिटिश सरकारच्या निर्वासितविषयक धोरणावर टीका केली, म्हणून त्यांना बाजूला बसविण्यात आले. सहकारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या शनिवारी कार्यक्रम निवेदन-समालोचनाविना वीसेक मिनिटांत उरकला. माणसे गप्प होती, पण निवड बोलतच होती. निवड कधीच मुकी नसते.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) या रीतीला उघड नकार देतो. नागपूरच्या विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कार्यावर तो आधारलेला आहे. वस्तीतली पोरे महाविद्यालयाच्या संघाशी भिडतात, तो सामना पूर्वार्धातच संपतो. बाजारू दिग्दर्शकाने तिथेच पडदा पाडला असता. मंजुळे मात्र आपल्याला पासपोर्टसाठी, ओळखीच्या एका कागदासाठी दारोदार फिरवितात. अमिताभ बच्चन यांचे वलय काही प्रसंगांत मुलांना झाकोळते, हा दोष आहेच. पण ‘चित्रपट लांबला’ या तक्रारीला माझा प्रश्न आहे : लांबला तो चित्रपट, की त्या मुलांची वाट?

आता आपल्याकडे पाहू. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. सत्काराच्या भाषणात पदवीचा दिवस येतो. आईबापांनी द्राक्षबागांत मजुरी करून काढलेली वर्षे येत नाहीत. काळाराम मंदिर सत्याग्रहाची २ मार्च १९३० ही तारीख विद्यार्थ्यांना पाठ असते. पुढे सुमारे पाच वर्षे दादासाहेब गायकवाड आणि गावोगावचे सत्याग्रही तो लढा कसा चालवीत राहिले, हे कोणी विचारीत नाही. दलित आत्मकथनांचे वेचे निवडतानाही भूक, शिवी, मेलेले ढोर तेवढे उचलले जाते. वसतिगृहातले वाचन, रात्रीची बैठक, पत्रके वाटणे गळून पडते. वाचक हळहळतो आणि मोकळा होतो. त्याला आमची वेदना ठळक क्षण म्हणून हवी असते. त्या वेदनेतून उभा राहिलेला विचार त्याला ‘लांबण’ वाटतो.

आपल्या समीक्षेने ही कात्री आधी ओळखली पाहिजे. जे गाळले गेले तिथेच आपली चळवळ घडली आहे. तेव्हा वेचे निवडण्याचे काम दुसऱ्यांवर सोपवून भागणार नाही. पूर्ण पुस्तक, पूर्ण लढा वर्गात आणि वस्तीत वाचून घ्यावा लागेल.